पाचव्या महिन्यातला गुडघा

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

"सर, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वय २३. पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला आहे आणि गावच्या फुटबॉल टीमला उजव्या विंगला खेळतो. गेल्या ऑगस्टात एका मॅचमध्ये बॉल घेऊन आत वळताना, कुणी धक्काही न लावता, उजवा गुडघा फिरला. कट्ट असा आवाज झाला आणि संध्याकाळपर्यंत पँट चढेना इतका सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा गुडघ्यातला लिगामेंट) पूर्ण तुटलेला आणि मेनिस्कस फाटलेला निघाला. सप्टेंबरच्या अखेरीस बांबोळीच्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दोन महिने फिजिओला गेलो, मग शिफ्ट सुरू झाली आणि वाळपईहून बांबोळीला जाणं जमेना. आता पाच महिने झाले. दुखत नाही. जिने चढतो, मोटरसायकल चालवतो. एप्रिलमध्ये आमच्या मळ्यावर टुर्नामेंट आहे. कॅप्टन म्हणतो, शेवटचा अर्धा तास तरी उतर, पेनकिलर घे आणि नी-कॅप लाव. स्मृती मानधना पाच महिन्यांत वर्ल्ड कपला आलीच ना? माझ्या जागी आता एक सतरा वर्षांचा पोरगा खेळतो. घरी आई झोपताना गुडघ्याखाली उशी देते, आजी तेल लावून पाय दाबून वाकवते. खरं सांगतो, एकटा असताना त्या पायावर उडी मारायला भीती वाटते. हे टीममध्ये कुणाला बोललेलो नाही. खेळू का?

ता. क. शिगम्याला दरवर्षी घोडेमोडणीच्या नाचात असतो. यंदा चालेल का?"

उत्तर:

टुर्नामेंट नाही आणि घोडेमोडणीही नाही. आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं सगळं तू 'सर शेवटी हो म्हणतील' या आशेवर वाचणार नाहीस.

मी डॉक्टर नाही. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात नोकरी गेली आणि त्यात मुलांचे बरेच गुडघे पाहिले: मोडलेले, जोडलेले आणि घाई करून पुन्हा मोडलेले. तुझा सर्जन माझ्यापेक्षा वेगळं काही म्हणाला, तर त्याचं ऐकायचं. पण तुझ्या पत्रात सर्जनचं मत कुठेच नाही. कॅप्टनचं आहे, स्मृती मानधनाचं उदाहरण आहे, आई आणि आजी आहे. ऑपरेशन ज्याने केलं त्याला शेवटचं कधी भेटलास, ते लिहिलेलं नाहीस. म्हणजे भेटला नाहीस.

आता तुझं मुख्य म्हणणं: दुखत नाही. त्याला कारण आहे. भोकं पाडलेलं हाड भरत आलं, टाके सुकले, सूज ओसरली. दुखणारे भाग बरे झाले म्हणून दुखणं गेलं. ज्या दोरीवर तुझा पुढचा सगळा खेळ टांगलेला आहे, ती दोरी कच्ची असली तरी दुखत नाही. एसीएल तुटला की बहुतेकदा टोकं शिवून भागत नाही. त्या जागी नवा लिगामेंट बसवावा लागतो. तो साधारणपणे तुझ्याच मांडीच्या मागच्या शिरांतून (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) किंवा वाटीच्या खालच्या पट्टीतून घेतात आणि मांडीच्या हाडात नि नडगीत बोगदे पाडून ओवतात. याला ग्राफ्ट म्हणतात. ऑपरेशनच्या दिवशी तो दणकट असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आणि नंतरचे काही आठवडे तो आधी कमजोर होतो. मग हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि शिरेचा लिगामेंट बनायला लागतो. शेतकऱ्याच्या घरातला आहेस म्हणून असं सांगतो: लावणीनंतर तरवा कसा आधी पिवळा पडतो, मुळं धरली की मगच हिरवा होतो, तसं. फरक एवढाच की भाताला काही दिवस लागतात आणि ग्राफ्टला वर्ष, कधी त्याहून जास्त. पाचव्या महिन्यात तुझा तरवा रुजला आहे, पण पुरात टिकेल असा झालेला नाही. आणि विंगरचं वळणं म्हणजे गुडघ्यासाठी पूरच.

'नऊ महिने' हा आकडा कुणी तुझ्या कानावर घातला असेल. तो हवेतून आलेला नाही. डेलावेअर-ऑस्लो या नावाने ओळखला जाणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तुझ्यासारखाच, वळण्या-वाकण्याचा खेळ खेळणाऱ्या आणि एसीएलचं ऑपरेशन झालेल्या १०६ जणांवर त्यात लक्ष ठेवलं होतं. परतणं जितकं पुढे ढकललं, तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटत गेलं. हे नऊ महिन्यांपर्यंत. त्यानंतर थांबून तेवढा फायदा दिसला नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परतण्याआधीच्या ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या जे पास झाले, त्यांच्यात पुन्हा दुखापत झालेले १०० मागे सहाच्या आतबाहेर होते. चाचण्या पास न होता जे खेळले, त्यांच्यात ३८. म्हणजे नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. नऊ महिने घरी बसून काढलेस तर दहाव्या महिन्यातही तू नापासच.

तुझ्या वयाचाही एक आकडा आहे, कडू आहे, पण ठेव. पंचविशीच्या आतले जे खेळाडू एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळायला परत येतात, त्यांच्यापैकी जवळजवळ चौघांतल्या एकाचा एसीएल पुन्हा तुटतो, याच पायाचा किंवा दुसऱ्या. दुसऱ्या पायाचाही, हे विसरू नकोस. दुखरा पाय जपताना माणूस सगळा भार चांगल्यावर टाकतो.

स्मृतीचं उदाहरण दिलंस ते बरं केलंस, कारण ते खरं आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीटकडून खेळताना तिचा एसीएल गेला आणि जूनमध्ये ती वर्ल्ड कपला उभी होती. इंग्लंडविरुद्ध ९०, वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. सांगलीच्या पोरीचं कौतुक मलाही आहे. पण त्या पाच महिन्यांत बरं होणं हीच तिची नोकरी होती, मागे राष्ट्रीय संघाची माणसं होती, आणि पुढे होती ती वर्ल्ड कपची संधी, जिच्यासाठी तिने तो धोका तोलूनमापून घेतला. तू त्या पाचांपैकी तीन महिने आठ-आठ तास उभ्याने शिफ्ट केली आहेस. शिवाय सलामीचा फलंदाज बहुतांशी सरळ रेषेत धावतो. समोरच्या बॅकला चकवायला भरधाव जाताना त्याला एका पायावर गर्रकन वळावं लागत नाही.

त्यापेक्षा रोनाल्डोचं बघ. पोर्तुगालचा नव्हे, ब्राझीलचा; तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे, कुणा काकाला विचार. त्याचा एसीएल नव्हे, गुडघ्याच्या वाटीखालची शीर नोव्हेंबर १९९९ मध्ये गेली होती. ऑपरेशन झालं. १२ एप्रिल २००० ला, साधारण पाचव्याच महिन्यात, इटालियन कपच्या फायनलला रोममध्ये तो बदली म्हणून उतरला. काही मिनिटांत, कुणी हातही न लावता, एक पाऊल टाकताना कोसळला. शीर पूर्ण तुटली. जगातले उत्तम डॉक्टर त्याच्या दिमतीला होते, आणि त्यालाही 'थोडाच वेळ' खेळायचं होतं. मग तो खूप काळ बाहेर राहिला, आणि २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये आठ गोल करून गेला, त्यातले दोन फायनलला. सबुरीने केलेलं पुनरागमन कसं असतं तेही त्याच माणसाकडे बघून कळतं.

पेनकिलरबद्दल मला सभ्य शब्द सुचत नाहीत. दुखणं हा तुझ्या गुडघ्याकडचा एकमेव रेफरी आहे आणि कॅप्टन तुला त्याची शिटी काढून घ्यायला सांगतो आहे. नी-कॅपने गुडघा उबदार राहतो, बांधल्यासारखा वाटून धीर येतो. वळताना हाडावर हाड सरकतं ते थोपवायची ताकद त्या कापडात नाही.

आता कामाचं बोलू. घरी डिस्चार्जचं कार्ड असेल, ते काढ. मेनिस्कसचं काय केलं ते वाच: फाटलेला तुकडा कापून काढला, की शिवला? हे तुला माहीत नसेल असं पत्रावरून वाटतं, आणि यावर बरंच अवलंबून आहे. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी. शिवली असेल तर खोल वाकण्यावर बंधनं जास्त काळ राहतात. उकिडवं बसणं, भार घेऊन खाली बसून उठणं, या गोष्टी सर्जनने सोडल्याशिवाय करायच्या नाहीत. आपल्याकडे हे फार सहज होतं. जेवायला मांडी घालून बसलो, न्हाणीत उकिडवं बसलो, अंगणात सुपारी वेचायला वाकलो.

मग घरच्या घरी चार गोष्टी बघ. एकही उडी न मारता.

पहिली, पाय सरळ होतो का. खाटेवर पालथा झोप, गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय खाटेच्या कडेबाहेर राहू देत, अंग सैल सोड. आईला मागे उभी राहून बघायला सांग, दोन्ही टाचा एका पातळीत आहेत का. उजवी वर राहत असेल तर तो पाय पूर्ण सरळ होत नाही. टाचांमधला एक सेंटिमीटर म्हणजे गुडघ्यातला साधारण एक अंश. गुडघा किती वाकतो याचं लोकांना फार कौतुक असतं, तो सरळ किती होतो हे कुणी विचारत नाही. न सरळणारा गुडघा मांडीला कामच करू देत नाही, आणि चालही बिघडवतो.

दुसरी, मांडी. शिंप्याची टेप घे. वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर वर पेनने खूण कर, दोन्ही मांड्यांवर, आणि घेर मोज. उजवी बारीक भरणार, मी पैज लावतो. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वितळतो आणि परत यायला महिनोन्‌महिने घेतो. जिना चढता येणं हा त्याचा पुरावा नव्हे. जिना चढताना डावा पाय किती चोरून काम करतो ते आरशासमोर बघ.

तिसरी, सूज. शिफ्ट संपवून घरी आल्यावर बघ, सकाळी नको. पाय लांब करून बस. वाटीच्या आतल्या बाजूला जो खळगा असतो, तो तळहाताने खालून वर पुसून घे, म्हणजे पाणी असलं तर वर सरकेल. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरव. आतला खळगा फुगून आला, तर गुडघ्यात पाणी आहे. ते असेपर्यंत मांडीचा स्नायू पूर्ण जोराने आवळता येत नाही. शरीरच त्याला मागे खेचतं. व्यायाम वाढवायचा की कमी करायचा हे ठरवायला या सुजेइतकं खरं माप दुसरं नाही. काल केलेल्या व्यायामाने आज सूज आली असेल तर काल जास्त झालं.

चौथी, खुर्ची. ही फिजिओने परवानगी दिल्यावरच. उंच, न हलणाऱ्या खुर्चीवरून फक्त डाव्या पायावर उठ-बस किती वेळा होते ते मोज, मग उजव्यावर. उजव्याचा आकडा डाव्याच्या नव्वद टक्के व्हायला हवा. क्लबचे खेळाडू मैदानात परतण्याआधी मशीनवर मांडीचं बळ मोजतात, एका पायावर लांब उडी, तिहेरी उडी घेऊन बघतात, तिथेही हाच नव्वदचा हिशोब असतो. त्या उड्या घरी अंगणात करून बघायच्या नाहीत, हे तुझ्यासारख्या मुलांना दोनदा सांगावं लागतं.

या चार उत्तरांचा कागद घेऊन फिजिओकडे जा. वाळपई ते बांबोळी कदंबच्या बसने जायचं, यायचं, रांगेत बसायचं, म्हणजे दिवस गेला आणि दिवसाची मजुरी गेली. हे मला कळतं. आठवड्यातून तीनदा जा असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा जा. स्पष्ट सांग, 'मला रोज यायला जमत नाही, घरी करण्यासारखं लिहून द्या आणि पुढच्या वेळेला काय जमलं पाहिजे तेही सांगा.' करून दाखवतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घे, विचारून. चांगला फिजिओ यावर खूश होतो. पुढचा महिनाभर तेच बघून कर. तुझ्या टप्प्याला काय योग्य ते तोच ठरवेल, पण गाडा बहुतेक मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंवर, कुल्ल्यांवर आणि एका पायावरच्या तोलावर फिरेल. कंटाळवाणं असतं. टाळ्या नसतात, गोल नसतो. मला वाटतं, ऑपरेशन सोसणारी मुलं पुष्कळ असतात, कंटाळा सोसणारी कमी.

बाकी गोष्टी पटापट. आईला सांग, उशी काढ. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, कारण गुडघा थोडा वाकलेला राहतो, आणि म्हणूनच ती नको. वाकलेला राहून राहून तो सरळ व्हायचं विसरतो. ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवू दे, तिच्या मनालाही समाधान. आजीला तेल लावू दे, मांडीला आणि पोटरीला, जखमा सुकल्या आहेत. पाय दाबून वाकवणं मात्र बंद. खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. रोज मासळी, अंडी, कडधान्य यांपैकी काहीतरी पोटभर, नुसत्या पेजेवर मांडी भरत नाही. सिगारेट ओढत असशील तर ती सोड, जखम आणि हाड दोन्ही भरायला ती आडवी येते.

पोटरी एकाएकी दुखून कडक झाली, सुजली, किंवा दम लागून छातीत दुखलं, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, ती रक्ताची गाठ असू शकते. ताप येऊन गुडघा लाल, गरम झाला तरी तेच. पाचव्या महिन्यात हे कमी होतं, पण नुकतंच ऑपरेशन झालेले वाचकही हे सदर वाचतात.

त्याच वाचकांसाठी अजून एक. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल आणि भरण्याची अट पूर्ण होत असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कंत्राटी कामगारांना हे बऱ्याचदा कुणी सांगत नाही. तुझ्याही पगाराची स्लिप बघ. उभ्याने आठ तास काढून गुडघा फुगत असेल तर सुपरवायझरला तोंडी सांगून उपयोग नाही, डॉक्टरकडून 'बसून करायचं काम द्यावं' असं लिहून आण.

आता ती भीती. सगळं पत्र लिहून झाल्यावर एका ओळीत तिला उरकलंस, पण पत्रातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य तेच आहे. एसीएलच्या ऑपरेशननंतर कोण परत येतं याचा एक मोठा आढावा २०१४ साली आला. शंभरातले ८१ जण कुठल्या ना कुठल्या खेळाकडे वळले, ६५ पूर्वीच्या पातळीला पोचले, स्पर्धेत उतरले ते ५५. मागे राहिलेल्या सगळ्यांचे गुडघे काही वाईट नव्हते. पुष्कळांना पुन्हा तुटेल या भीतीने धरून ठेवलं होतं. ही भित्रेपणाची खूण नाही. तुझ्या शरीराला तो आवाज आठवतो. ती जाते, पण हिंमत करून एकदम उडी मारल्याने नाही. आधी दोन्ही पायांवर चार बोटं उंचीची उडी, मग एका पायरीवरून उतरणं, मग एका पायावर, मग थोडं वळून, मग बॉलसह, मग समोर एक माणूस उभा करून. दर पायरी जमली की भीती एक पाऊल मागे सरते. म्हणून फिजिओला ती सांग, मनात ठेवू नकोस. त्याच्यासाठी ती सुजेइतकीच उपयोगाची माहिती आहे. आणि एप्रिलला अर्धा तास उतरलास तर त्या भीतीसकट उतरशील. मनात भीती असलेला खेळाडू अर्धवट टॅकल करतो, अर्धवट वळतो, आणि अर्धवट वळतानाच गुडघा जातो.

शिवाय मैदान कुठलं? मळा. भात कापून झाल्यावर तापलेली जमीन, मधे भेगा, कापणीचे खुंट, कडेला मेरेचा उंचवटा. एप्रिलात ती जमीन लादीसारखी घट्ट होते आणि बुटाचा स्टड भेगेत अडकला की पाय तिथेच राहतो, अंग पुढे जातं. तुझा एसीएल पावसात, ओल्या मैदानावर गेला. कोरड्या मळ्याने तो दुसऱ्यांदा जायला काहीच हरकत नाही.

सतरा वर्षांच्या पोराबद्दल. तो तुझी जागा खातो आहे, असं तू लिहिलं नाहीस, पण लिहायचं होतं. असू दे, मत्सर वाटणारच. त्याचं काय करायचं ते सांगतो. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा सराव आहे, वीसेक मिनिटांचा: धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग पुन्हा धावणं. तो नेमाने करणाऱ्या संघांमध्ये दुखापती ३० टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या टीममध्ये वॉर्मअप म्हणजे गोलवर चार शॉट मारणं, खरं की नाही? कॅप्टनला सांग, मॅचआधीची वीस मिनिटं माझी. तू करायचं नाहीस, करून घ्यायचं. उडीवरून उतरताना त्या पोराचा गुडघा आत झुकतो का ते बघ. झुकत असेल तर त्याला सांग, गुडघा बोटांच्या रेषेत ठेव. हे तुझ्याइतकं मनापासून त्याला टीममधला दुसरा कोणी सांगणार नाही. विंगवरच्या ज्या चार युक्त्या तुला येतात त्याही दे. पुढच्या मोसमात तू परतलास की डाव्या विंगला कोण खेळेल हा प्रश्न आहेच.

घोडेमोडणी. मला माहीत आहे, यात खेळापेक्षा जास्त जीव अडकलेला असतो. पण कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोलाच्या तालावर पुढे झेप, मागे झेप आणि गिरकी. शिवाय तालात अंगात आलं की आपला पाय ऑपरेशनचा आहे हे कुणाच्या लक्षात राहतं? फुटबॉलमध्ये निदान बदली मागता येतो, घोड्यावरून मधेच उतरता येत नाही. यंदा मांडावर ढोलापाशी उभा राहा. घरात धाकटा भाऊ, चुलत भाऊ कुणी असेल तर घोडा त्याला दे, आणि घोडा कसा बांधायचा ते तूच बांधून दाखव.

तारखा अशा बसतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून नऊ महिने जूनच्या अखेरीस भरतात. तेव्हा सर्जनने आणि फिजिओने चाचण्या घेऊन सोडलं, तरी पहिली मॅच चिखलात नको. पावसात टीमबरोबर हलका सराव, टक्कर नाही. मग पूर्ण सराव. गणपतीची चवथ होऊन जाऊ दे, मैदान सुकू दे, मग मॅच, तीही आधी वीस मिनिटांची. छोट्या स्टडचे बूट घे, लांब स्टडचे विकून टाक. ऑपरेशनला तोवर वर्ष उलटलेलं असेल.

कॅप्टनला काय सांगू, असं विचारशील, म्हणून मेसेजही लिहून देतो: 'डॉक्टरने नऊ महिन्यांच्या आत आणि टेस्ट पास केल्याशिवाय खेळायला मनाई केली आहे. एप्रिलला टीमचा वॉर्मअप मी घेतो. पाऊस संपला की सिलेक्शनला येतो.' पहिलं वाक्य खोटं ठरू नये म्हणून मेसेज पाठवण्याआधी सर्जनची ओपीडी गाठ. ऑपरेशनची फाइल, एमआरआयची फिल्म आणि टेपने घेतलेली मापं सोबत ने. मेनिस्कस शिवला की कापला, ग्राफ्ट कुठून घेतला, धावायला कधी सुरुवात करू, चाचणी कुठे आणि कधी, हे चार प्रश्न कागदावर लिहून ने, कारण आत गेल्यावर आपण सगळेच 'बरं आहे डॉक्टर' एवढंच म्हणून बाहेर येतो.